कप्तानचा डावा हात

१

माझं काम ऐकण्याचं. रेडिओ केंद्रावर बावीस वर्षं केलं, आता घरातल्या मागच्या खोलीत करते. लोक जुन्या फिती घेऊन येतात. कुणाच्या लग्नातली भाषणं असतात, कुणाच्या गेलेल्या आजोबांचा आवाज. मी त्या साफ करून संगणकावर उतरवून देते. जुन्या फितीवरचा लेप चिकट झालेला असतो, तशीच यंत्रावर चढवली तर किंचाळते. म्हणून आधी ती फळं सुकवायच्या यंत्रात आठ तास मंद शेकायची. नवरा येता-जाता झाकण उचलून विचारतो, "आज काय शिजतंय? भाषण की बाजा?"

मग कानांवर हेडफोन, समोर वही. मिनिट, सेकंद आणि दोष. टकटक, खरखर, गुणगुण. संगीत मी ऐकतच नाही म्हटलं तरी चालेल. दाताच्या डॉक्टरला पेशंटचं हसू दिसत नाही, कीड दिसते, तसं.

कप्तानची मुलगी आली ती दोन सुटकेस घेऊन. पन्नाशीची, बारीक चणीची बाई. घरी बसून छापखान्याची मुद्रितं तपासायची, त्यामुळे बोलतानाही एखादा शब्द चुकला की थांबून दुरुस्त करायची. सुटकेसमध्ये एकशे अडुसष्ट रिळं होती. प्रत्येक डब्यावर पेन्सिलीने तारीख.

"बाबांची आहेत," ती म्हणाली. "घरी केलेली. क्रमाने उतरवाल ना? शेवटचं रीळ शेवटीच ऐका."

कप्तानचं नाव मला माहीत होतं. जॅझ ऐकणाऱ्या कुणालाही असतंच. तरुणपणी प्रवासी जहाजावर पियानो वाजवायचा म्हणून ते टोपणनाव. पुढे बंदरावरची नाचघरं, हॉटेलं, आणि अकरा तबकड्या. पियानो, बास आणि ड्रम, एवढ्या तिघांच्या. मग सत्तरीत मेंदूत गुठळी झाली आणि डावी बाजू गेली. पाय थोडाफार परत आला, हात नाही.

"डॉक्टर म्हणाले होते, उजव्या हाताने रोज वाजवा, मन स्थिर राहील," मुलगी म्हणाली. "रोज सकाळी साडेसातला बसायचे, आठवड्यातून एखाद्या दिवशी यंत्र चालू करून. चार वर्षं. ही सगळी एकाच हाताची आहेत."

२

पहिली सहा रिळं तशीच होती, एकाच हाताची. म्हातारा उजव्या हाताने एखादी चाल घ्यायचा, आणि जिथे डाव्याची साथ यायला हवी तिथे जागा सोडून थांबायचा. सवयीने थांबत असावा. त्या मोकळ्या जागा ऐकून मला जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं व्हायचं.

सातव्या रिळावर चौदाव्या मिनिटाला, अशाच एका मोकळ्या जागी, खर्जातला एक सूर वाजला. एकच, बारीक. मी वहीत लिहिलं, 'खालचा सूर. कोपर लागला?' आणि पुढे गेले.

बाराव्या रिळावर तसे दोन होते. पंधराव्यावर पाच, आणि त्यातला एक उजव्या हाताच्या बरोबर, एकाच क्षणी.

माझ्या धंद्यात अशा गोष्टींना कारणं असतात. फीत आधी वापरलेली असली तर जुनं मुद्रण पुसूनही तळाशी राहतं. रिळात गुंडाळलेल्या एका थराचा ठसा शेजारच्या थरावर उमटतो, मग सूर भुतासारखा आधी किंवा मागून ऐकू येतो. 'भुतासारखा' हा आमच्यातला रोजचा शब्द आहे, त्यात काही नाही.

मी मुलीला फोन केला. "ही रिळं आधी कशासाठी वापरली होती का?"

"नाही. कोरी आणायचे. सील मीच फोडून द्यायचे."

"त्यांचा डावा हात थोडा सुधारत होता का?"

ती म्हणाली, "त्या हातात चमचासुद्धा राहायचा नाही हो. गळ्यातल्या झोळीत असायचा. का?"

"काही नाही, नोंदीसाठी," मी म्हटलं.

यंत्र बदलून पाहिलं. फीत उलटी लावून पाहिली. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन कान तपासून घेतले. तो म्हणाला, वयाच्या मानाने उत्तम आहेत. मला ते बरं वाटलं नाही.

३

तीसेक रिळं झाल्यावर मला वहीत 'दोष' लिहायची लाज वाटायला लागली.

कारण खालचा हात शिकत होता. याला दुसरा शब्द मला सापडत नाही. कप्तान वरच्या पट्ट्यांवर एक छोटा तुकडा सावकाश वाजवायचा आणि थांबायचा. थोड्या वेळाने तोच तुकडा खालून यायचा, अडखळत, एखाद्या सुरावर घसरून. कप्तान पुन्हा वाजवायचा, आणखी सावकाश. खालून पुन्हा यायचा, या वेळी घसरलेला सूर जागेवर.

एकावन्नाव्या रिळावर कप्तानचा आवाज प्रथमच ऐकला. जाड, जरा फिसकटलेला, गुठळीनंतर ओठाची एक बाजू नीट उचलत नसल्यासारखा.

"अंहं," तो म्हणाला. "परत."

म्हातारी माणसं स्वतःशी बोलतात. माझी आई भांड्यांशी बोलायची. मी तेवढ्यावर समाधान मानून हेडफोन काढले आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली रस्त्यावर एक माणूस गाडीच्या काचा पुसत होता. त्याच्या फडक्याचा आवाज मी बराच वेळ ऐकत राहिले.

नवऱ्याने विचारलं, "आजचा बाजा बिघडलाय का?"

"नाही," मी म्हटलं. "सुधारतोय."

४

तबकड्यांवरच्या तिघांपैकी ड्रमवाला तेवढा हयात होता. कप्तानची मुलगी त्याला ड्रमकाका म्हणायची. मी त्याला दुपारी चहाला बोलावलं. ऐंशी पार केलेला, काटक, बसल्या जागी गुडघ्यावर बोटं नाचवणारा माणूस.

"कप्तानचा डावा हात म्हणजे आळशी नवरा," तो म्हणाला. "येणार, पण उशिरा येणार. आणि आल्यावर असा बसणार की जसं काही घर त्याच्यामुळेच चाललंय! एकोणतीस वर्षं मी त्या हाताची वाट बघत काठ्या धरून बसलोय, बाई. झोपेतसुद्धा ओळखेन."

मी त्याला काही न सांगता नव्वदावं रीळ लावलं.

त्याचं बोट गुडघ्यावर पडायला लागलं. चेहरा खुलला. "वा रे कप्तान!" मग बोट मंदावलं आणि थांबलं. तो डोळे मिटून पुढे वाकला.

"उजवा त्याचाच," तो म्हणाला. "डावा कुणाचा?"

"तुम्ही सांगा."

"हा मोजतोय. ऐक. प्रत्येक सुराच्या आधी उजव्याकडे बघतो. नवखा वादक बघतो तसा. कप्तानने जन्मात कुणाकडे बघितलं नाही." त्याने हेडफोन एका कानावरून सरकवला. "शेजारी कोण बसायचं?"

"कुणी नाही. घरात मुलगी, ती खालच्या मजल्यावर."

"चिमणी? तिला कशाला येतंय वाजवायला? लहानपणी दोन महिन्यांत सोडलं तिने." त्याने हेडफोन परत कानावर ओढला. "पुढचं लाव. एकदम पुढचं."

मी एकशे पन्नासावं लावलं. त्याने मिनिटभरही ऐकलं नसेल. हेडफोन काढून टेबलावर ठेवले, झोपलेलं मूल खाली ठेवावं तसे.

"आता तो बघत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आता उजवा त्याच्याकडे बघतोय."

त्याने काठी घेतली, चहा तसाच टाकला. दारात उभा राहून म्हणाला, "चिमणीला माझा आशीर्वाद सांग. आणि मला परत बोलावू नकोस."

५

दुसऱ्या दिवशी मी मुलीच्या घरी गेले. रस्त्याला लागून दुमजली घर. खाली तिची खोली, टेबलावर मुद्रितांचा गठ्ठा आणि लाल पेन. त्या टेबलाच्या बरोबर वर पियानोची खोली.

मी काय ऐकलं ते सांगितलं. तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाली, "मग मला वेड लागलेलं नाही."

"तुम्हीही ऐकलं होतं?"

"वरून दोन हातांचं वाजतंय हे मला तेव्हाच कळत होतं. बाबांना विचारलं, तर म्हणाले, तुझे कान वाजतायत. त्यांना बरं वाटत होतं ना, मग मी सोडून दिलं." तिने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "मला वेगळंच विचारायचंय. शेवटचं रीळ त्यांच्या शेवटच्या सकाळचं आहे. साडेसातला बसले. मी इथे काम करत होते. वर पियानो वाजतोय म्हणजे बाबा ठीक, हा माझा चार वर्षांचा हिशेब. पावणेनऊला चहा घेऊन वर गेले. जिना चढत होते तेव्हाही वाजत होतं. शेवटच्या पायरीवर थांबलं. वाटलं, माझी चाहूल लागली."

"आणि?"

"ते जमिनीवर होते. गार झाले होते. डॉक्टर म्हणाले, मी वर जायच्या किमान तासभर आधीच गेले होते."

तिचा थोरला भाऊ त्याच संध्याकाळी गावाहून आला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि लोकांसमोर म्हणाला, बाप वर मरत होता आणि तू खाली शब्द तपासत बसलीस. आणि आता पियानोची गोष्ट रचतेस? तेव्हापासून दोन वर्षं तो तिच्याशी बोललेला नव्हता.

"मी खरंच ऐकलं की मनाची समजूत, एवढंच मला सांगा," ती म्हणाली. "जे असेल ते. मुद्रितात चूक असली तर मी लेखकाला सांगतेच ना?"

६

शेवटचं रीळ मी सकाळी दहाला लावलं. खिडकी उघडी ठेवली. नवऱ्याला सांगितलं, आज घरातच राहा.

संथ वेगावर एका रिळात दीड तासाहून थोडं जास्त मावतं. पहिली नऊ मिनिटं दोन्ही हात वाजत होते, आणि ते वादन, मी संगीत न ऐकणारी बाई सांगते, त्याच्या अकराही तबकड्यांवर नाही. नवव्या मिनिटाला उजवा हात एका सुराच्या अर्ध्यावर थांबला. बाक करकरला. मग जमिनीवर काहीतरी जड पडलं.

डावा हात थांबला नाही.

लय तुटली नाही, आवाज वाढला नाही. उजव्याची जागा मोकळी सोडून तो खाली वाजवत राहिला, सहासष्ट मिनिटं. ती सगळी मी ऐकली. मध्ये दोनदा नवऱ्याने दारातून डोकावून पाहिलं, मी हातानेच 'ठीक' केलं.

पंचाहत्तराव्या मिनिटाला जिन्यावर पावलं. सूर मध्येच तुटला. दार उघडलं. "बाबा?" कप फुटला. मग तिचं रडणं. यंत्र बंद करायचं तिला कसं सुचणार! ते चालूच राहिलं. थोड्या वेळाने रडण्यातच ती कुणाला तरी म्हणाली, "आलात? बरं झालं आलात." नंतर बराच वेळ नुसते हुंदके. मग दारावर थाप, चपलांचा आवाज, एका बाईचं "अगं बाई गं!" आणि फीत संपली.

वहीत मी काहीच लिहिलं नाही. खोटं सांगायचा विचार मनात आला नाही असं नाही. 'पियानो नवव्या मिनिटाला थांबला' एवढं म्हटलं असतं तर सगळं शहाण्यासारखं झालं असतं. फक्त ती बाई जन्मभर स्वतःला खोटारडी समजली असती.

७

तिने हट्टाने वरच्याच खोलीत ऐकायचं ठरवलं. मी यंत्र जिन्यावरून चढवलं. साधी खोली, एक खिडकी, बाक, काळा उभा पियानो, झाकण लावलेलं. दुपारचं ऊन जमिनीवर पडलं होतं.

पडण्याच्या आवाजाला तिने डोळे मिटले. पुढे डावा हात वाजत राहिला तसा तिचा चेहरा सैल होत गेला. दहा मिनिटांनी ती रडत होती, पण सुटल्यासारखी.

"हेच," ती म्हणाली. "अगदी हेच. मी खोटं बोलले नव्हते."

तिचीच पावलं आली तेव्हा मी यंत्र बंद करायला हात पुढे केला. "पुढचं तुमचं खाजगी आहे. शेजारच्या बाई येतात, आणि संपतं."

"असू दे."

फितीवरची ती रडत होती, समोरची ती स्थिर होती. "आलात? बरं झालं आलात." आणि नंतरचे हुंदके. समोरच्या तिने हात वर केला. "थांबवा. शेजारच्या काकू कधी आल्या?"

"आत्ताच. तुम्ही त्यांनाच म्हणालात ना?"

"दार कुठे वाजलं?"

मी वेळ पाहिली. फीत पुढे नेली. दारावरची थाप त्या वाक्यानंतर नऊ मिनिटांनी होती. मी ती नऊ मिनिटं नुसतीच ऐकली होती, मोजली नव्हती.

ती बोलायला लागली, प्रत्येक शब्द तपासून. "मी इथे बसले होते, जमिनीवर. बाबांचं डोकं मांडीवर. पियानो माझ्या पाठीशी. मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, काकू. मी मान वर केली नाही. त्या हातावर माझा हात ठेवला आणि म्हटलं, आलात." ती थांबली. "बराच वेळ धरून बसले होते मी तो."

"कसा होता?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"ऊबदार," ती म्हणाली. "बोटं जरा जास्त वाटली. तेव्हा मी मोजायच्या मनःस्थितीत नव्हते."

८

भावासाठी तिने प्रत मागितली आणि एक विनंती केली. नवव्या मिनिटाचा पडण्याचा आवाज काढून टाका.

आजवर मी दोषाशिवाय काहीही काढलं नव्हतं. अर्धा सेकंद होता तो. बाकाची करकर आणि तो धप्प आवाज उचलून तिथे खोलीची शांतता भरली. जोड मलाही ऐकू येईना. शेवटही पावलांपाशीच कापला. वहीत लिहिलं, 'दोष काढला.'

भावाने प्रत ऐकली आणि पुढच्याच आठवड्यात आला. मी तिथेच होते, रिळं परत द्यायला गेले होते. उंच, घोगऱ्या आवाजाचा माणूस. तो दारातच बहिणीसमोर उभा राहिला.

"उजवा दमला, तर शेवटी डावा परत आला त्यांचा," तो म्हणाला. "आणि डॉक्टर म्हणे तासभर! काय डॉक्टर, काय ते! तू खरं सांगत होतीस, आणि मी चार लोकांसमोर..."

"जाऊ दे, दादा," ती म्हणाली. "चप्पल काढ, आत ये."

तो दोन दिवस राहिला. बापाचा हात जाताजाता बरा झाला होता, या समजुतीवर तो सुखी होता, आणि तिने ती मोडली नाही. तो गेल्यावर तिने मला फोन करून वरच राहिलेलं यंत्र न्यायला बोलावलं.

मी सकाळी गेले. खालची खोली रिकामी होती. टेबल, मुद्रितं, लाल पेन, सगळं तिने वर हलवलं होतं, पियानोशेजारी. पियानोचं झाकण उघडं होतं.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना," ती म्हणाली. "पण त्या वेळी बाबांजवळ दुसरं कोण होतं? मी नव्हते, दादा नव्हता. त्यांना पडताना लागलं का, त्यांनी मला हाक मारली का, ते फितीवर नाही. ज्याला माहीत असेल त्यालाच विचारायला हवं."

"ते कसं विचारणार तुम्ही?"

"बाबांनी शिकवलंय त्याला. मलाही दोन महिने शिकवलं होतं."

ती बाकावर बसली, अगदी उजव्या टोकाला, डावीकडे एका माणसाची जागा सोडून. उजवा हात पट्ट्यांवर ठेवला आणि एका बोटाने तीन सूर वाजवले, सावकाश, प्रश्नासारखे वर जाणारे. मग हात मांडीवर घेऊन थांबली.

मी यंत्र उचललं नाही. दाराबाहेर आले आणि आयुष्यात प्रथमच दोन्ही कानांत बोटं घातली, घट्ट. स्वतःच्या रक्ताच्या घूंघूंशिवाय काही ऐकू येईना. तशीच, भिंतीला खांदा लावून, एकेक पायरी उतरायला लागले.

खर्जातला सूर मात्र कानांनीच ऐकावा लागतो असं नाही. चौथ्या पायरीवर लाकूड माझ्या तळपायाखाली थरथरलं. एकदा. थोडं थांबून दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा, आणि वरून बाक सरकल्याचा धक्का भिंतीतून माझ्या खांद्याला लागला, कुणीतरी शेजारी बसताना सरकतो तसा.